मेल्पोबाईंचं गरम पाणी

ग्रीसमधल्या कवाला शहरात मेल्पोबाई कारीपिदू यांना न ओळखणारा माणूस म्हणजे बसने कधीच कुठे न गेलेला माणूस. एकतीस वर्षं त्या बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीमागे बसल्या. क्सान्थीची गाडी कितीची, द्रामाची कुठे लागते, थेस्सालोनिकीच्या गाडीत जागा आहे का, हे सगळं त्या कागद न बघता सांगायच्या. कुणी भिंतीवरचं वेळापत्रक बघून खात्री करून घ्यायला लागला की त्याला मागच्या चाकावरची जागा मिळायची. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी बाजारात माणसं थांबवून विचारायची, "मेल्पोबाई, ती साडेअकराची आहे का हो अजून?"

"बंद होऊन जमाना झाला. तुम्ही होतात कुठे?"

बंदराकडून वर चढत येणाऱ्या रस्त्यावर एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा स्टाथिस बंदरावर क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर एकटं बसून त्याची बोलायची सवय गेली होती. घरात तो रोज हमखास बोलायचा ते एकच वाक्य, "गीझर बंद केलास का?" त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

बाहेरच्या दाराशी, निघताना उजव्या हाताला, विजेची पेटी होती. तिच्यात गीझरचा स्विच, बाकीच्या बटणांपेक्षा रुंद, आणि वर लाल दिवा. हा स्विच अंघोळीच्या आधी वीस मिनिटं चालू करायचा आणि अंघोळीला शिरण्याआधी बंद करायचा. चालू गीझरखाली अंघोळ करणारा माणूस एक तर परदेशी असतो, नाही तर जिवावर उदार झालेला. घरात पाऊल टाकलं की चालू, कारण भांडी पडलेली असतात. घरातून निघालं की बंद, कारण बंद न केलेला गीझर फुटतो. द्रामाला एकाचं छप्पर असंच उडालं होतं. त्या माणसाला प्रत्यक्ष भेटलेलं कुणी नव्हतं, पण छपराबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. हे सगळं कुणी कुणाला शिकवत नाही. चर्चवरून जाताना हात जसा आपसूक क्रूसाची खूण करतो, तसा दारातून जाताना तो पेटीकडे जातो.

एकोणीसशे एकोणनव्वदच्या ईस्टरला हे कुटुंब कोमोटिनीकडच्या गावी निघालं होतं. नेस्टोस नदीचा पूल ओलांडल्यावर स्टाथिस म्हणाला, "गीझर?" मेल्पोबाई म्हणाल्या, "मला वाटलं तू केलास." स्टाथिसने न बोलता गाडी वळवली. डिकीत सोललेलं कोकरू होतं, मेल्पोबाईंच्या मांडीवर ईस्टरच्या लाल रंगवलेल्या अंड्यांची टोपली होती, आणि मागे मुलगा योर्दानिसला गाडी लागली होती. घरी येऊन बघतात तर गीझर बंदच. पुन्हा निघून गावी पोचले तेव्हा मंडळींची जेवणं उरकली होती आणि कोकराची कुणाला गरज उरली नव्हती. तरी आपलं काही चुकलं असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही.

हा योर्दानिस पुढे इंजिनिअर झाला आणि जर्मनीत श्टुटगार्टला गेला. त्याला चोवीस वर्षं झाली. तिथे त्याला सिल्के नावाची बायको मिळाली, जी स्वभावाने चांगली होती आणि वेळेवर जेवायची. योर्दानिसचा आईवर जीव होता, पण तो लांबून असल्यामुळे वस्तूंच्या रूपाने यायचा. रक्तदाब मोजायचं यंत्र आलं. पडल्यावर दाबायचं गळ्यातलं बटण आलं, ते मेल्पोबाईंनी व्हर्जिन मेरीच्या तसबिरीला अडकवलं, कारण तिच्याकडून मदत लवकर येते असा त्यांचा अनुभव होता. मग जुने गीझर काढून कमी विजेवर चालणारे बसवायची सरकारी योजना आली, आणि योर्दानिसने श्टुटगार्टहून अर्ज भरला.

खरं तर गच्चीवर सूर्यावर तापणारी टाकी बसवायची होती. पण गच्ची सगळ्यांची. सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे त्साकिरिस सही करत नाहीत. लिफ्टच्या रंगाच्या कागदावर त्यांनी एकदा सही केली होती आणि लिफ्ट हिरवी झाली. तेव्हापासून त्यांनी तत्त्व म्हणून कशावरच सही केलेली नाही. म्हणून मग हीट पंप आला.

तो बसवायला प्रोद्रोमोस आला. हा नळकाम करणारा, चाळिशीचा, जाडजूड आणि शांत माणूस. मागच्या बाल्कनीत त्याने एक पांढरी, उंच, फ्रिजसारखी घुरघुरणारी टाकी उभी केली. जुना गीझर खांद्यावर घेऊन तो दारात थांबला आणि म्हणाला, "काकू, नीट ऐका. हा हवेतली ऊब ओढून घेतो आणि तिच्यावर पाणी तापवतो. वीज खातो जुन्याच्या तिसरा हिस्सा. पण हा सावकाश काम करतो. सहा-सात तास लागतात. एकदा तापलं की तापलेलं राहतं. फक्त याची वीज कधी बंद करायची नाही."

"अंघोळीच्या वेळी?"

"चालूच."

"मी चर्चला गेले तर?"

"तरी चालूच."

"ईस्टरला गावी गेले तर?"

"काकू, तुम्ही चंद्रावर गेलात तरी चालू."

"आणि फुटला तर?"

"हा फुटत नाही."

मेल्पोबाईंनी त्याच्याकडे कीव करून पाहिलं. द्रामाचं छप्पर या पोराच्या कानावर गेलेलं दिसत नव्हतं. पण पंप मुलाने पाठवलेला होता, आणि मुलाच्या वस्तूला नावं ठेवायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी वहीतला कागद फाडला, त्यावर मोठ्या अक्षरांत "हात लावू नये" असं लिहिलं आणि पेटीवर चिकटवला. पंपाला एक सोय अशीही होती की तो काय करतोय ते योर्दानिसला श्टुटगार्टमध्ये फोनवर दिसायचं. वीज गेली की त्याच्या फोनवर टिंग असा आवाज व्हायचा आणि अक्षरं यायची: संपर्क तुटला.

पहिला टिंग दुसऱ्याच दिवशी सकाळी सव्वानऊला झाला.

"आई, पंप का बंद केलास?"

"मी? मी तर आत्ता घरात आले. मासळीबाजारात होते. बघ, दिवा लागलेला आहे."

दिवा खरंच लागलेला होता. संध्याकाळी पाचला पुन्हा टिंग. मेल्पोबाई चर्चमध्ये होत्या. परत येऊन बघितलं तर दिवा चालू. बुधवारी दोनदा झालं, गुरुवारी एकदा, आणि शनिवारी, ज्या दिवशी त्यांना भाजी, औषधं आणि स्टाथिसच्या कबरीवरचा दिवा अशी तीन कामं होती, चार वेळा. प्रत्येक वेळी त्या बाहेर होत्या आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर दिवा आपला लाल आणि शांत.

मेल्पोबाई खोटं बोलत नव्हत्या. जो खोटं बोलतो त्याला निदान खरं काय ते माहीत असतं. त्या घरातून निघत, एका हातात पिशवी असे, डोक्यात टोमॅटो असत, आणि दुसरा हात पेटीकडे जाऊन स्विच खाली पाडून परत येई. घरी येत, तो हात स्विच वर करी. चाळीस वर्षं हाताने कधी डोक्याला विचारलं नव्हतं, आणि आता अचानक विचारायचं त्याला काही कारण नव्हतं. पेटीवरचा "हात लावू नये" हा कागद हाताला वाचता येत नव्हता. आठवडाभरात तो डोळ्यांनाही दिसेनासा झाला.

पाणी मात्र कधी धड तापलं नाही. दिवसातून एक-दोन वेळा वीज तुटलेला पंप पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. मेल्पोबाई कोमट पाण्याने अंघोळ करायच्या, दात वाजवायच्या आणि फोनवर म्हणायच्या, "फार छान आहे रे पंप. आवाज तर काय, सोबत वाटते."

योर्दानिसने प्रोद्रोमोसला पाठवलं. त्याने टाकी तपासली, तारा तपासल्या, पेटी उघडून बघितली. "काकू, स्विच कुणी बंद करतं का?"

"कोण करणार? मी एकटी राहते. आणि बंद होतो तेव्हा मी घरात नसतेच."

"यंत्र ठीक आहे."

"मग मी बिघडले आहे का?"

प्रोद्रोमोसने हत्यारं गोळा केली आणि कॉफी नको म्हटलं, ते त्यांना फार लागलं.

आता घरात नसताना घरात कोण येतं, असा प्रश्न उरला. किल्ली आणखी एकाच बाईकडे होती. समोरच्या दारातली हारिक्लिया, वय पंचाहत्तर, शिवणकाम करून तीन मुली उजवलेली, आणि मेल्पोबाईंची अठ्ठावीस वर्षांची मैत्रीण. दोघींची किल्ली एकमेकींकडे असायची. मेल्पोबाई दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरचं दार वाजवलं.

"हारिक्लिया, मी बाहेर गेले की तू माझ्या घरात जातेस का?"

"कशाला जाऊ? तुझं घर मी बघितलंय."

"माझा पंप कुणीतरी बंद करतं."

हारिक्लियाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. ती पालकाच्या पाईचे पातळ पापुद्रे लाटत होती आणि ते काम अर्धवट टाकण्यासारखं नसतं. ती आत गेली, किल्ली घेऊन आली आणि मेल्पोबाईंच्या तळहातावर ठेवली. "मला तुझं गरम पाणी बंद करायचं असतं ना, तर तू माझ्या धाकटीच्या लग्नात त्या टोपीला हसलीस तेव्हाच केलं असतं."

"मी टोपीला हसले नव्हते."

"सगळ्या चर्चने बघितलं."

दार बंद झालं. त्यानंतर दिवसभरात सात वेळा तरी उघडणारी ती दोन दारं एकमेकांकडे तोंड करून बंद राहिली. आणि पंप बंद पडायचा तो पडतच राहिला. किल्ली आता एकच होती आणि ती मेल्पोबाईंच्या पर्समध्ये होती.

तेव्हा मेल्पोबाईंना पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. त्यांची आई शेवटची चार वर्षं त्यांना ताई म्हणायची आणि तंबाखूच्या वखारीत कामाला जायचंय म्हणून सकाळी सहाला दाराशी उभी राहायची. वखार बंद होऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मेल्पोबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून क्सान्थीच्या गाड्या म्हणायला सुरुवात केली. सहा, पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, रविवारी पावणेसातची नाही. मग द्रामा. मग थेस्सालोनिकी, उन्हाळ्याच्या जादा गाड्यांसकट. एकही चुकली नाही. पण पंप कुणी बंद केला ते आठवेना. एकोणीसशे नव्वदची गाडी आठवते आणि आजची सकाळ आठवत नाही, हे चिन्ह चांगलं नाही, एवढं त्यांना आईमुळे माहीत होतं. त्या रोज म्हणू लागल्या. भाजी चिरताना, रांगेत, चर्चमध्ये प्रार्थनेच्या मध्येसुद्धा. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. जिला सांगितली असती तिच्याकडून त्या किल्ली घेऊन आल्या होत्या.

योर्दानिसनेही आपल्या परीने चाचणी सुरू केली होती.

"आई, आज वार कोणता?"

"तुझ्या फोनवर माझं पाणी दिसतं, वार दिसत नाही?"

"सांग ना."

"मंगळवार. आणि तुझा आवाज बसलाय. गळ्याला काहीतरी गुंडाळ."

"काल दुपारी कुठे गेली होतीस?"

"दातवाल्याकडे. मी गेले होते, बसले, त्याने दात बघितला, मी आले. तू पोलिसात आहेस का?"

"आई, कंपनीवाले म्हणतात हाताने बंद केल्याशिवाय असं होत नाही. दोन महिन्यांत शंभर वेळा झालंय. तू बंद करतेस आणि तुला आठवत नाही. मी रागावत नाहीये. मला फक्त काळजी वाटते."

शंभर हा आकडा मोठा होता. मग मेल्पोबाई म्हणाल्या, "सिल्के बरी आहे ना?"

डिसेंबरच्या सुरुवातीला योर्दानिस आला. घरात शिरताच त्याने आईला मिठी मारली, पंपाला हात लावून बघितला आणि टेबलावर एक रंगीत पुस्तिका ठेवली. श्टुटगार्टमधलं वृद्धांचं निवास होतं ते. चित्रात एक आजोबा सायकल चालवत हसत होते.

"आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. खोलीला बाल्कनी आहे. आणि दर गुरुवारी ग्रीक बोलणारी नर्स येते."

"आणि बाकीचे सहा दिवस?"

"बाकीचे दिवस आम्ही आहोत की."

"तुम्ही कामाला जाता. सिल्के मला बघून हसते आणि मी तिला बघून हसते. सहा दिवस हसत बसू?"

"आई, इथे एकटी असताना उद्या गॅस चालू ठेवलास तर? बाहेर गेलीस आणि घर सापडलं नाही तर?"

"या गावात मला घर सापडलं नाही तर पाचशे माणसं आणून सोडतील. श्टुटगार्टमध्ये कोण सोडेल?"

योर्दानिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पन्नाशी ओलांडलेला, केस विरळ झालेला माणूस, पण तसं बसला की तो थेट स्टाथिस दिसायचा, आणि मेल्पोबाईंना ते बघवत नसे. हे घर, हा चढ, हा बाजार आणि समोरचं बंद दार यांपलीकडे त्यांचं जगात काही नव्हतं. पण पोराला असं तोंड झाकायला लावायचं हे त्यांना त्याहून कठीण होतं. त्यांनी पुस्तिका मिटली.

"उद्या डॉक्टरकडे घेऊन जायचंय ना मला? चल. तो म्हणाला की माझं डोकं गेलंय, तर मी येईन तुझ्याबरोबर. घर विक. एक शब्द बोलणार नाही."

"खरंच?"

"तिकीटखिडकीवर बसलेली बाई आहे मी. एकदा दिलेलं परत घेत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेदहाची वेळ होती. मेल्पोबाई सहालाच उठल्या. चांगला कोट घातला, चांगले बूट घातले, आणि पावडर लावताना क्सान्थीच्या गाड्या दोनदा म्हटल्या. डॉक्टर घड्याळ काढायला लावतात असं ऐकलं होतं, म्हणून कागदावर घड्याळही काढून बघितलं. काटे नीट आले. मग त्यांनी एक निश्चय केला. आज निदान या दारातून निघताना तरी आपण कशालाच हात लावायचा नाही. दोन्ही हात कोटाच्या खिशांत घालायचे आणि लिफ्टपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. मुलाने बघावं, आपणही बघावं.

"चल, आई. दहा वाजले."

मेल्पोबाई हात खिशात घालून, मान ताठ ठेवून, एखाद्या हवालदारासारख्या जिन्याच्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या. त्याच वेळी समोरचं दार उघडलं. हारिक्लिया कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. कचऱ्याची वेळ संध्याकाळची असते, पण आज मेल्पोला नेणार हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं.

"माझ्याकडे किल्ली नाही हं," हारिक्लिया कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "मी बाहेरच उभी आहे."

योर्दानिस मागून आला. बगलेत आईच्या तपासण्यांची फाईल, एका हातात छत्री, दातांत गाडीची किल्ली. त्याने स्वयंपाकघराकडे एकदा वळून बघितलं, दिवे बंद आहेत ना बघितलं, आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.

टिंग.

त्याने छत्री भिंतीला टेकवली, किल्ली दातांतून काढली आणि फोन बघितला. मग आईकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं दुःख होतं.

"बघ आई. आत्ता. माझ्यासमोर. पुन्हा बंद केलास."

मेल्पोबाईंनी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"तिने नाही," हारिक्लिया म्हणाली.

"मावशी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मध्ये नाही, मी माझ्या दारात आहे. ती केव्हाची इथे उभी आहे, हात खिशात घालून, सरकारी पाहुण्यासारखी. बंद तू केलास. दार ओढायच्या आधी. असा." आणि तिने कचऱ्याची पिशवी खाली ठेवून हवेत उजवा हात नेला, वरून खाली आणला आणि परत घेतला, अगदी स्टाथिस करायचा तसा.

"मी? मी कशाला बंद करू? मीच तर तो बसवून घेतला."

"दार उघडून बघ."

योर्दानिसने दार उघडलं. लाल दिवा गेलेला होता. "हात लावू नये" या कागदाच्या खाली स्विच पडलेला होता. तो स्विचकडे बघत राहिला, मग आपल्या उजव्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणी त्याच्या कोटाला शिवून दिला होता.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे मी केलं?"

"हो."

"मला आठवत नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मेल्पोबाईंना तो चेहरा ओळखीचा होता. कित्येक आठवडे त्यांनी रोज सकाळी तो आरशात बघितला होता, आणि आपल्या पोराच्या तोंडावर तो बघवत नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्याला चांगले दोन शब्द सुनावायचा हक्क त्यांच्याकडे होता. शंभर वेळचा हक्क होता. पण त्यांना इतकं हलकं वाटत होतं की रागावायला जोरच उरला नाही. त्या जिन्याच्या पायरीवर, चांगल्या कोटासकट बसल्या आणि रडायला लागल्या.

"मलाही आठवत नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मी आईसारखी व्हायला लागले. रोज गाड्या म्हणत होते. सगळ्या गाड्या."

योर्दानिस त्यांच्या शेजारी बसला. हारिक्लिया आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली, तो मेल्पोबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, "टोपीला हसली होतीस."

"हसले होते," मेल्पोबाई म्हणाल्या.

"तेवढंच ऐकायचं होतं." आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, कारण पुढचं ऐकल्याशिवाय आत जाणं तिला शक्य नव्हतं.

योर्दानिस बराच वेळ फाईल गुडघ्यावर ठेवून बसून होता. साडेदहा वाजून गेले. मग तो म्हणाला, "श्टुटगार्टच्या घरात दाराशी पेटी नाही. पेटी खाली तळघरात आहे. गीझर तर नाहीच. गरम पाणी सगळ्या इमारतीला एकत्र येतं."

"मग?"

"दाराच्या उजव्या बाजूला भिंतीवर एक काळा डाग पडलाय. हाताच्या उंचीवर. सिल्के दोनदा रंग देऊन थकली. पुन्हा पडतो. ती म्हणते, निघताना मी रोज तिथे हात लावतो. तिला वाटतं आपल्याकडचा काही धार्मिक प्रकार आहे, म्हणून ती कधी काही बोलली नाही. मी म्हणायचो, तुझं काहीतरीच, मी कुठे लावतो हात."

"किती वर्षं?"

"चोवीस."

मेल्पोबाईंनी डोळे पुसले आणि आपल्या मुलाचा उजवा हात हातात घेतला. मोठा, थोडा सुजरा, घड्याळाचा पट्टा रुतलेला हात होता. चोवीस वर्षं तो रोज सकाळी परक्या गावात, काही नसलेल्या भिंतीवर, या घराचा गीझर बंद करत होता.

"तिला सांग, डाग राहू दे," त्या म्हणाल्या.